मुलाला काय खाऊ घालू?

या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत गुडघेदुखी, मुलींचे रक्त कमी असणे, रमजानमध्ये शुगरच्या गोळ्या कशा घ्याव्यात असे प्रश्न नेहमी असतात. या वेळी सेलूकडच्या एका गावातून आलेले पत्र वेगळे आहे. पत्र एका आईचे आहे. त्यांनी नाव लिहिलेले नाही आणि ते विचारण्याची गरजही नाही.

मजकूर थोडक्यात असा. मुलाचा निकाह होऊन तीन वर्षे झाली, अजून मूलबाळ नाही. सुनेच्या सगळ्या तपासण्या नांदेडला जाऊन केल्या, त्यात दोष निघाला नाही. मुलगा हल्ली कोणाशी धड बोलत नाही. गादी झटकताना एक डबी सापडली, तिच्यावर 'मर्दाना ताकत' असे लिहिलेले. विचारले तर तो उठून बाहेर गेला. नंतर सुनेकडून कळले की ती चार हजारांची आहे. शेवटी त्या लिहितात, 'असल्या औषधांवर माझा भरवसा नाही. कोणत्या भाज्या आणि कोणती फळे खाऊ घातली म्हणजे त्याच्या अंगात ताकद येईल, तेवढे सांगा.'

आपा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर देतो. त्यासोबत एक गोष्ट अशीही सांगणार आहे, जी तुम्ही विचारलेली नाही. ती शेवटपर्यंत वाचा आणि मग हा अंक मुलाच्या हाती द्या.

विषय नाजूक आहे, घरात मोठ्याने बोलण्यासारखा नाही, असे काही वाचकांना वाटेल. हया हा ईमानचा भाग आहेच. पण हजरत उम्मे सुलैम (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना गुस्लविषयीचा अत्यंत खाजगी प्रश्न थेट विचारला होता आणि त्यांना सरळ उत्तर मिळाले होते. हजरत आयेशा (रजि.) यांनी अन्सारच्या स्त्रियांची तारीफ केली ती याचसाठी, की दीन समजून घेताना लाज त्यांच्या आड आली नाही. आपल्याकडे मात्र लाज दवाखान्याच्या दारात आडवी येते आणि तंबूतल्या 'गुप्तरोग तज्ज्ञा'समोर गळून पडते. हे उलटे आहे.

शिराजचा तरुण

अन्नातल्या खनिजाचा पुरुषाच्या शरीराशी काय संबंध असतो, हे जगाला एका भारतीय डॉक्टरने दाखवून दिले. त्यांचे नाव डॉ. आनंद प्रसाद. मूळचे बिहारमधील बक्सरचे, पुढचे शिक्षण अमेरिकेत. १९५८ साली ते इराणमधील शिराज शहरात गेले. तिथे त्यांच्यासमोर एकवीस वर्षांचा एक तरुण आला. दिसायला जेमतेम दहा वर्षांच्या मुलाएवढा. दाढी-मिशा नाहीत, आवाज फुटलेला नाही, जननेंद्रियांची वाढ झालेली नाही, अंगात रक्त कमी. असे आणखीही तरुण त्या भागात निघाले. त्यांच्या आहारात जवळपास सगळी भर न आंबवलेल्या गव्हाच्या रोटीवर होती. मांस क्वचितच मिळायचे. त्यातल्या अनेकांना माती खाण्याची सवय होती.

हा वृत्तान्त १९६१ साली प्रसिद्ध झाला. नंतर डॉ. प्रसाद इजिप्तमध्ये गेले आणि तिथल्या खेड्यांतील अशाच तरुणांमध्ये जस्ताची, म्हणजे झिंकची कमतरता असल्याचे १९६३ मध्ये दाखवून दिले. जस्त दिल्यावर या मुलांची उंची वाढली आणि वयात येण्याची थांबलेली प्रक्रिया सुरू झाली. तोपर्यंत माणसाला जस्त कमी पडू शकते, हेच बहुतेक डॉक्टरांना मान्य नव्हते.

मग आपल्या मुलांनाही जस्त कमी आहे काय? शिराजच्या तरुणांएवढी तीव्र कमतरता आपल्याकडे सहसा दिसत नाही. थोडी कमतरता मात्र अनेक घरांत असू शकते, कारण आपले ताटही धान्यावरच उभे आहे. पुरुषाच्या शरीरात प्रोस्टेट ग्रंथीत आणि वीर्यात जस्ताचे प्रमाण भरपूर असते. शुक्रजंतू तयार होण्यासाठी आणि टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक नीट राहण्यासाठी ते लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये ठरवलेल्या मानकानुसार प्रौढ पुरुषाला रोज १७ मिलिग्रॅम जस्ताची शिफारस आहे.

जमिनीत कमी, म्हणून ताटात कमी

मराठवाड्याच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीतून पिकांना जस्त आणि लोह पुरेसे मिळत नाही, हे आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. माती परीक्षणाच्या कागदावर 'झिंक कमी' असा शेरा अनेकांनी पाहिलेला असतो आणि झिंक सल्फेटची पोतीही आणलेली असतात. जमिनीत जे कमी, ते दाण्यात कमी आणि शेवटी माणसातही कमी.

या बाबतीत आपल्या परभणीतच एक मोलाचे काम झाले आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या आणि आज वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आपल्या विद्यापीठाने हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या साथीने 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण २०१८ मध्ये दिला. लोह आणि जस्त मुद्दाम वाढवलेला हा देशातील पहिला ज्वारी वाण. त्याच्या एका किलो दाण्यांत साधारण ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असते. नेहमीच्या ज्वारीत हेच प्रमाण सुमारे ३० आणि २० मिलिग्रॅम धरले जाते.

हिशेब करून पाहा. दिवसभरात २०० ग्रॅम पिठाच्या भाकरी खाणाऱ्या माणसाला साध्या ज्वारीतून चार मिलिग्रॅमच्या आसपास जस्त मिळेल, परभणी शक्तीमधून सहा मिलिग्रॅमपेक्षा थोडे जास्त. भाकरी तेवढीच, मेहनतही तेवढीच. ज्यांचे शेत आहे त्यांनी या वाणाविषयी विद्यापीठात किंवा कृषी सहायकाकडे जरूर चौकशी करावी. 'शक्ती' हे नाव वाचून कोणी भलता अर्थ मात्र काढू नये. तो ताकदीचा नुस्खा नाही, चांगले धान्य आहे.

भाजी आणि फळे काय देतात?

आता आपांच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. आधी एक स्पष्ट गोष्ट. फळांत आणि भाज्यांत जस्त फारसे नसते. १०० ग्रॅम पालकात ते अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास आणि केळी, पेरू, डाळिंब यांत त्याहूनही कमी. जस्त मिळते ते मटणातून, तीळ, काजू, शेंगदाणे आणि लाल भोपळ्याच्या बियांतून, हरभरा, मसूर, मटकी अशा कडधान्यांतून आणि ज्वारी-बाजरीतून. १०० ग्रॅम तिळात किंवा भोपळ्याच्या बियांत सात मिलिग्रॅमच्या पुढे जस्त असते. अर्थात एवढे तीळ कोणी एका दिवसात खात नाही, पण मूठभर तिळाची चटणी रोज खाता येते. आपण भोपळा चिरतो आणि बिया टाकून देतो. त्या धुवून, वाळवून, तव्यावर भाजून ठेवाव्यात.

मग भाजी-फळे कशासाठी? त्यांचे काम वेगळे आहे आणि ते कमी महत्त्वाचे नाही.

पुरुषाची लैंगिक क्षमता ही मोठ्या प्रमाणात रक्तवाहिन्यांवर अवलंबून असते. मनात इच्छा झाली की मज्जातंतूंकडून इशारा जातो, रक्तवाहिन्या सैल होतात, रक्त भरते आणि ताठरता येते. रक्तवाहिन्या आतून निरोगी आणि लवचीक असतील तर हे काम सहज होते. रक्तदाब वाढलेला, साखर वाढलेली, तंबाखूने वाहिन्या आकसलेल्या असतील तर तिथेच अडते.

भाजी-फळांतील खनिजे नेमकी या वाहिन्यांच्या कामी येतात. पोटॅशियम जादा मिठाचा परिणाम कमी करते आणि रक्तदाब खाली ठेवायला मदत करते. केळी, पेरू, मोसंबी, खजूर, पालक, बटाटा यांत ते चांगले असते. मॅग्नेशियम स्नायू आणि वाहिन्या सैल होण्याच्या कामात लागते. पालक, तांदुळजा, चाकवत अशा हिरव्या पालेभाज्यांत, कडधान्यांत आणि तिळात ते मिळते. पालेभाज्या आणि बीट यांत नायट्रेट असते. शरीर त्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनवते आणि याच वायूमुळे वाहिन्या सैल होतात. याशिवाय पालेभाज्यांतील फोलेट आणि आवळा, पेरू, लिंबू यांतील क जीवनसत्त्व हे नव्या पेशी तयार होण्यासाठी आणि त्या टिकण्यासाठी लागतात. शुक्रजंतूही पेशीच आहेत.

म्हणून कोणती एक भाजी, असे विचारू नका. शेवग्याच्या शेंगेचा फार गवगवा आहे. ती चांगली भाजी आहे, तिचा पाला तर लोह आणि कॅल्शियमने भरलेला असतो, पण एका जेवणात ती काही चमत्कार करत नाही. टरबुजाविषयीही मोबाईलवर असेच मेसेज फिरतात. त्यात सिट्रुलिन नावाचा घटक असतो हे खरे, पण फोडीभर टरबुजात तो गोळीसारखे काम करील इतका नसतो. परभणीच्या विद्यापीठाचीच 'परभणी क्रांती' भेंडी घ्या, घरची मेथी घ्या, बांधावरची घोळ आणि अंबाडी घ्या. रोज एक पालेभाजी, एक फळभाजी, कच्ची काकडी-टोमॅटो आणि ऋतूचे एखादे फळ. महागडे ड्रॅगन फ्रूट आणण्याची गरज नाही. पेरू त्याच्या बरोबरीने उभा राहतो.

एक सावधगिरी. घरात कोणाला किडनीचा आजार असेल तर जास्त पोटॅशियमची फळे-भाज्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नयेत.

आपल्याच स्वयंपाकघरातील उपाय

धान्यात आणि डाळीत फायटेट नावाचा घटक असतो. तो जस्त आणि लोहाला धरून ठेवतो, अंगी लागू देत नाही. शिराजच्या तरुणांच्या रोटीतही हीच अडचण होती. पण हा घटक कमी करण्याच्या रीती आपल्या आजीला ठाऊक होत्या.

कडधान्य रात्रभर भिजवून मोड आणावेत. मोड आलेल्या मटकीतील जस्त अंगी जास्त लागते. ज्वारीचे पीठ आंबवून केलेली आंबील हीदेखील तशीच. जेवताना लिंबू पिळावे, त्याने लोह शोषले जाते. जेवणावर लगेच चहा पिऊ नये, तासाभराने प्यावा, कारण चहा लोहाला अडवतो.

आपल्या घरांतील काही पदार्थ या दृष्टीने फार शहाणपणाचे आहेत. मेथी-गोश्त, पालक-गोश्त, चण्याची डाळ, दुधी आणि मटण घालून केलेला दालचा, गहू-डाळी-गोश्त एकत्र शिजवलेला खिचडा. मांसातील जस्त लवकर अंगी लागते. पण दालच्यातून दुधी आणि डाळ कमी होत गेली, गोश्त आणि तेलाचा तवंग वाढत गेला, बगारा भाताचे ताट डोंगराएवढे झाले, तर तोच पदार्थ रक्तवाहिन्यांचा दुश्मन होतो. दावतीत भाजीला हात न लावणारे आणि गोश्ताचे चौथे वाढप घेणारे आपण सगळेच पाहतो. सूरह अअराफमध्ये खाण्यापिण्याची मोकळीक देताना लगेच अतिरेकाची मनाई केलेली आहे. ती दावतीलाही लागू आहे.

रमजानमध्येही हेच. इफ्तारला खजूर, फळे आणि उकडलेले चणे घेतले की भजी-समोश्यांना पोटात जागा कमी उरते.

मग झिंकची गोळीच का घेऊ नये?

हा प्रश्न मेडिकलच्या दुकानात हमखास विचारला जातो. अमेरिकेत यावर मोठा अभ्यास झाला. मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्या २,३७० जोडप्यांतील पुरुषांना दोन गटांत विभागले. एका गटाला सहा महिने रोज ३० मिलिग्रॅम जस्त आणि ५ मिलिग्रॅम फोलिक अॅसिड दिले, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. निकाल २०२० च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांत मुले जन्मण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही, वीर्याची गुणवत्ताही म्हणावी तशी सुधारली नाही. उलट औषध घेणाऱ्यांना पोटाचा त्रास जास्त झाला.

अर्थ सरळ आहे. ज्याला कमतरता आहे त्याला जस्त दिल्याने फायदा होतो. ज्याला नाही त्याला जादा जस्ताने जादा मर्दानगी येत नाही. जास्त मात्रा दीर्घकाळ घेतली तर शरीरातील तांबे कमी होते आणि रक्तक्षयही होऊ शकतो. डॉक्टरांनी सांगितली तर गोळी घ्यावी. ताटातून मिळणाऱ्या जस्ताला ही भीती नाही.

ती डबी

आपा, आता त्या डबीविषयी. तिच्यात काय आहे ते मी सांगू शकत नाही आणि विकणाराही सांगणार नाही. अशा 'जडीबुटी'च्या मालाच्या तपासण्यांत अनेकदा सिल्डेनाफिल हे ॲलोपॅथीचे औषध लपवून मिसळलेले आढळले आहे, कुठे स्टेरॉइड, कुठे शिसे आणि पारा. सिल्डेनाफिल हे औषध म्हणून वाईट नाही, डॉक्टर तपासून देतात. पण हृदयरोगाची, जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी घेणाऱ्या माणसाने ते नकळत घेतले तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो.

लैंगिक ताकद वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करणे हा आपल्या देशात गुन्हा आहे. औषधे आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ सालचा आहे. तरीही एसटी स्टँडच्या भिंतीपासून मोबाईलपर्यंत या जाहिराती सर्वत्र दिसतात.

या धंद्याचे मोठे भांडवल म्हणजे तरुणांची भीती. झोपेत वीर्य गेले, लघवीसोबत काही गेले की 'धातू जातो, अंगातली ताकद गेली' असे सांगून घाबरवले जाते. थेंबाथेंबाचा हिशेब मांडला जातो. या भीतीनेच खचलेल्या तरुणांच्या आजाराला मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली 'धात सिंड्रोम' असे नाव दिले. एहतिलाम ही निसर्गाची क्रिया आहे. त्यावर शरीअतने गुस्ल सांगितले आहे, ना गुनाह ठरवला आहे ना आजार. मुले वयात येतात तेव्हा वडिलांनी हे दोन वाक्यांत सांगितले, तर पुढे हजारो रुपये आणि अनेक रात्रींची झोप वाचेल.

जिमला जाणाऱ्या मुलांसाठी आणखी एक. शरीर फुगवण्यासाठी घेतलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनांनी शुक्रजंतू तयार होणे जवळपास थांबू शकते. आरशातला पुरुष मोठा होतो आणि आतला लहान.

हा इशारा हृदयाचाही असतो

चाळिशीच्या पुढच्या वाचकांनी हा भाग पुन्हा वाचावा. ताठरतेची तक्रार अनेकदा हृदयरोगाच्या काही वर्षे आधी येते. कारण लिंगातील रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात, चरबी साचण्याचा परिणाम तिथे आधी दिसतो. जगभरातील अभ्यास एकत्र केले तर मधुमेही पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांना ही तक्रार आढळते. अनेकांना आपल्याला मधुमेह आहे हे याच तक्रारीतून कळते. अशा माणसाला डबी देऊन गप्प बसवणे म्हणजे घराला आग लागल्याची घंटा वाजत असताना घंटाच काढून फेकणे.

म्हणून अशी तक्रार दोन-तीन महिने राहिली तर आधी साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासा. तिशीच्या पुढील लोकांची साखर आणि रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत तपासतात. तंबाखू, विडी, गुटखा बंद करा. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण खिशातली पुडी कायद्याने नाही, इराद्याने सुटते. रोज अर्धा तास भरभर चालणे हे रक्तवाहिन्यांसाठी कोणत्याही माजूनपेक्षा सरस आहे.

तुम्ही न विचारलेला प्रश्न

आपा, तुमच्या पत्रात सुनेच्या 'सगळ्या तपासण्या' झाल्याचे लिहिले आहे. मुलाची एकही तपासणी झाल्याचे लिहिलेले नाही.

मूल न होण्यामागे जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचे कारण असते, एकट्याचे किंवा दोघांचे मिळून. आणि पुरुषाची पहिली तपासणी सर्वांत सोपी आहे. सुई नाही, भूल नाही. दोन ते सात दिवसांचा संयम ठेवून वीर्याचा नमुना द्यायचा. परभणीत, नांदेडमध्ये, औरंगाबादेत चांगल्या प्रयोगशाळांत ती होते. सुनेने तीन वर्षे जे सोसले त्यापुढे हे काहीच नाही. ही तपासणी पहिल्या वर्षीच, तिच्या तपासण्यांसोबत व्हायला हवी होती.

दुसरी गोष्ट, जी घरोघरी एकच समजली जाते. मर्दानगी वेगळी आणि शुक्रजंतूंची संख्या वेगळी. संबंधात काहीही अडचण नसलेल्या पुरुषाचेही शुक्रजंतू कमी असू शकतात आणि अडचण असलेल्याचे भरपूर असू शकतात. अहवालात संख्या कमी आली तर तो त्याच्या मर्दपणावरचा निकाल नसतो. शिरा फुगणे, जुना संसर्ग, लहानपणी अंडकोश खाली न उतरणे, हार्मोनची गडबड, फवारणीच्या औषधांशी सततचा संपर्क, अशी कारणे निघतात आणि त्यातील अनेकांवर उपचार आहेत. अहवाल चांगला आला नाही तर काही आठवड्यांनी पुन्हा करतात, एका कागदावर कोणी निर्णय देत नाही.

आणि याच ठिकाणी तुमचे ताट कामाला येते. एक शुक्रजंतू तयार व्हायला अडीच ते तीन महिने लागतात. म्हणजे आज सुरू केलेली भाजी, आज सोडलेला तंबाखू, आज सुरू केलेले चालणे याचा परिणाम तीन महिन्यांनंतरच्या तपासणीत दिसू शकतो. सात दिवसांत फरक सांगणारा खोटे बोलतो, हेही यावरून ओळखावे.

मूल होणे न होणे हा शेवटी अल्लाहच्या मर्जीचा भाग आहे. सूरह शूरामध्ये सांगितले आहे की तो कोणाला मुली देतो, कोणाला मुलगे, कोणाला दोन्ही आणि कोणाला काहीच देत नाही. तिथे स्त्रीकडे बोट दाखवलेले नाही. हजरत जकरिया (अलै.) यांनी औलादसाठी दुआ मागितली तेव्हा आपल्या उतारवयाचा उल्लेख स्वतःच केला. पैगंबराला आपली कमजोरी बोलून दाखवण्यात कमीपणा वाटला नाही, तर आपल्या मुलांना का वाटावा? आणि आजारावर इलाज करा, ही तर प्रेषितांची (स.) शिकवणच आहे.

तेव्हा आपा, उद्यापासून मोड आलेली मटकी, मेथी, तिळाची चटणी, भोपळ्याच्या बिया, पेरू जरूर द्या. पण ते एकट्या मुलाच्या ताटात वाढू नका. सुनेच्या ताटातही तेवढेच वाढा. लोहाची गरज स्त्रीला पुरुषापेक्षा जास्त असते. त्याच मानकात पुरुषाला १९ मिलिग्रॅम आणि स्त्रीला २९ मिलिग्रॅम सांगितले आहे. आपल्या घरांत मात्र ती सगळ्यांच्या शेवटी, भांड्याला लागलेल्या रश्श्यात भाकरी मोडते.

ती डबी फेकायला तुम्ही सांगू नका. अब्बांना सांगा, मुलाला घेऊन चालायला जा. वाटेत त्याला एवढेच म्हणा, 'बेटा, चार लोकांना होते तसे आहे, मी सोबत येतो, तपासून घेऊ.' अब्बा नसतील किंवा बोलायला तयार नसतील तर मोठा भाऊ, मामू, दोस्त कोणीही चालेल. नोंदणीकृत डॉक्टरांकडेच जा. युनानीवर विश्वास असेल तर रीतसर शिकलेल्या, नोंदणी असलेल्या हकीमसाहेबांकडे जा, पण तपासणीचा कागद आधी हातात असू द्या.

आणि तोवर सुनेला दर महिन्याला 'काही आहे का?' असे विचारणे बंद करा. इन्शाअल्लाह, या एका गोष्टीने घरातली निम्मी बीमारी कमी होईल.